घरची बोली, शाळेची भाषा



शिरपूर-चोपड्याकडच्या पाड्यावरून पहिलीत आलेले मूल घरी पावरी बोलते, आपल्या खेड्यांतले अहिराणी. वर्गात मात्र पुस्तकी मराठी. मूल गप्प बसते आणि आपण त्याला 'ढ' ठरवतो. खरे तर त्याला प्रश्नच कळलेला नसतो.

ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. 1957 मध्ये ते कोसबाडच्या वारली वस्तीत गेले. माँटेसोरीची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी व अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पाने हाती घेतली. मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात नेली. (आईबापांना दटावणे त्याहून सोपे होते!)

पेंटेकॉस्टच्या दिवशी जेरुसलेममध्ये जमलेल्यांना आधी कोणी एक भाषा शिकायला लावली नाही. प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या बोलीत ऐकली.

मराठी यायलाच हवी, इंग्रजीही. पण चार-पाच वर्षांच्या लेकराला अहिराणी बोलल्याबद्दल कोणी हसू नये, घरातल्यांनी तर नाहीच. आपल्या धर्मशिक्षण वर्गातील लहान गटाला प्रार्थना घरच्या बोलीतही शिकवावी, असे मला वाटते. ज्या आजींना पावरी किंवा अहिराणी चांगली येते, त्यांनी आज मिस्सानंतर मला भेटावे.

आपला धर्मगुरू