अंगाला साबण किती?

नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ येतो आहे, तेव्हा गोदावरीतल्या रामकुंडात उतरण्याआधी आपल्याच न्हाणीघरातल्या साबणाच्या वडीचा विचार करू. साबण अल्कधर्मी, त्वचा किंचित आम्लधर्मी. म्हणून रोज सर्वांगाला फेस चोळला की नाशिकच्या थंडीत पोटऱ्या पांढऱ्या पडतात, नख लागलं तरी रेघ उमटते. घाम साचतो तो काखेत, जांघेत, पावलांवर. साबण तिथंच हवा, बाकी अंगाला एरवी पाणी पुरतं. ‘मग जंतूंचं काय?’ हा प्रश्न रास्तच, म्हणून हात मात्र साबणानंच धुवावेत. कुणी म्हणेल, नदीत साबणाऐवजी डाळीचं पीठ लावू, ते तर निसर्गातलंच. खरं आहे, पण तेही नदीत कुजताना पाण्यातला प्राणवायू घटवतं. मंडळी, गोदावरीत उतराल तेव्हा साबण, शाम्पू, उटणं, सगळं घरीच ठेवा.