स्पोर्टिंगली घ्या!

सत्यनारायणाला जसा आधी गणपती, तसं आमच्या शाखेच्या स्नेहसंमेलनात शेलापागोट्यांना आधी एक वाक्य लागतं: 'सगळ्यांनी स्पोर्टिंगली घ्यावं ही विनंती.' गेली सहा वर्षं हे वाक्य मीच म्हणतो, कारण पेटी माझ्याकडे असते. पेटीतल्या निम्म्या चिठ्ठ्याही माझ्याच असतात, पण ते आमच्यात-तुमच्यात.

आता 'स्पोर्टिंगली'ला मराठीत 'खिलाडू वृत्तीने' आहे. पण ते म्हटलं की पारितोषिक वितरण समारंभाचे अध्यक्ष डोळ्यांपुढे येतात. रोजच्या वापराला इंग्रजीच बरं. शेजारच्या मुलाचा चेंडू आमची काच फोडतो, आणि शेजारी गॅलरीतून म्हणतात, "घ्या हो स्पोर्टिंगली, पोरं आहेत!" काच माझी, स्पोर्ट त्यांचा.

एकदा या शब्दाची पासबुकं तपासायला बसलो. मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला, 'देस्पोर'. अर्थ करमणूक, म्हणजे मनाला कामधंद्यापासून दूर वाहून नेणारं काहीतरी. यातला वाहून नेण्याचा भाग लॅटिनमधून आलेला. म्हणजे स्टेशनावरचा पोर्टर आणि मैदानावरचा स्पोर्ट हे चुलतभाऊ. एक आपलं ओझं वाहतो, दुसरा आपल्यालाच.

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढं पाहतो तर इंग्लंडात दीड-दोनशे वर्षांपूर्वी 'स्पोर्ट्समन' म्हणजे मुख्यतः शिकारी! ससा, कोल्हा, तितर यांना मारणारा सद्गृहस्थ. आणि एखाद्याचा 'स्पोर्ट करणे' म्हणजे त्याची टिंगल करणे. थोडक्यात, ज्या शब्दानं आम्ही मनाचा मोठेपणा मागतो, त्याच शब्दात शिकारही आहे आणि टवाळीही. सशाला कुणी 'स्पोर्टिंगली घे' म्हटलं होतं की नाही, ते कळायला मार्ग नाही.

मग खरा स्पोर्टिंग कोण? या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर होतं: गुंडाप्पा विश्वनाथ. फेब्रुवारी १९८०, वानखेडेवरची सुवर्णमहोत्सवी कसोटी. मी तेव्हा पाळण्यात होतो, पण वडिलांनी हा सामना इतक्यांदा सांगितला की पाळण्यातूनच पाहिल्यासारखा वाटतो. इंग्लंड ५ बाद ५८. बॉब टेलर आणि इयान बोथम खेळत असताना पंचांनी टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं. टेलरचं म्हणणं, बॅट लागलीच नाही. कर्णधार विश्वनाथ स्वतः स्लिपमध्ये उभा. त्यानं अपील मागं घेतलं आणि टेलरला परत बोलावलं. मग टेलर-बोथम जोडीनं १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत १० गडी राखून हरला.

"हरला, पण काय माणूस!" असं म्हणून वडील गप्प बसत. मी पडलो कॉमर्सवाला. मला त्यात एक नोंद दिसते: डेबिट विश्वनाथच्या खात्यावर. मोठेपणा त्यानं स्वतःच्या खात्यातून काढून दिला. 'टेलरसाहेब, स्पोर्टिंगली घ्या आणि तंबूत चला,' असं म्हणणंही सोपं होतं. पंचांचा निकाल त्याच्याच बाजूनं होता.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या कॅशियरना, सगळी शाखा त्यांना अण्णा म्हणते, महिन्यात दोनदा कॅश कमी आली. पदरचे भरावे लागले. मी चिठ्ठी लिहिली:

'दिवसभर मोजतात दुसऱ्यांच्या नोटा,
संध्याकाळी निघतो स्वतःचाच तोटा.'

हॉल दणाणला. अण्णाही हसले. सगळ्यांच्या नंतर हसले आणि सगळ्यांच्या आधी थांबले, हे मला दिसलं. पण मी लगेच पुढची चिठ्ठी उघडली.

पुढं दोन महिन्यांनी दुसरा कॅशियर रजेवर गेला आणि मला काउंटरवर बसवलं. संध्याकाळी पाचशे रुपये कमी! माझा घाम पाहून अण्णा काही न बोलता आले. त्यांचं स्वतःचं खातं केव्हाच जुळलं होतं, पाच-चाळीसची लोकल चुकली होती. माझी एकेक गड्डी सोडून ते पुन्हा मोजू लागले. एका गड्डीत शंभराऐवजी एकशे एक नोटा निघाल्या. "मिळाली बरं का," एवढंच म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी शाखेत कुणालाच काही ठाऊक नव्हतं. त्या वर्षीच्या पेटीत मी अण्णांच्या अक्षरातली चिठ्ठी शोधली. माझ्यावर यमकही सोपं होतं. नव्हती.

बागकामाच्या इंग्रजीत 'स्पोर्ट'चा आणखी एक अर्थ आहे. झाडाची एखादीच फांदी अचानक निराळी निघते, पीचच्या झाडावर एका फांदीला नेक्टरीन लागतात, त्या फांदीला 'स्पोर्ट' म्हणतात. बाकीचं झाड होतं तसंच राहतं.

यंदाही पेटी माझ्याकडेच आहे. पहिली चिठ्ठी टाकली आहे. नाव माझंच आहे, आणि त्यात पाचशेच्या नोटेची सगळी हकिकत आहे. विनंतीचं ते वाक्य मात्र या वेळी कुणी म्हणायचं, हे ठरत नाहीये. अण्णांना विचारावं म्हणतो, पण धीर होत नाही.