उताऱ्यावर नसलेलं नाव

सासूबाईंच्या मोबाईलवर मेसेज वाजला की त्या मला हाक मारतात, "बघ गं, कुणाचा?" परवाचा पीएम-किसानचा होता, दोन हजारांचा. 2019 पासून वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत. जमीन त्यांच्या नावावर, बँकेला आधार जोडलेलं. पैसे आपोआप येतात. तेव्हा आमच्या वाटेकऱ्याची बायको सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. "सरकारचं पैसं आलं व्हय, आक्का?" तिनं सहज विचारलं. मी हो म्हटलं आणि आत निघून गेले.

आमचं शेत निपाणीच्या बाजूला, वेदगंगेच्या काठाला. घरचं कुणी आता रानात जात नाही. बी-खताचा खर्च निम्मा, माल निम्मा, कष्ट मात्र सगळे त्याचे. हे कुठंच लिहिलेलं नाही. कर्नाटकात 1974 च्या कायद्यानं कसणाऱ्याला जमीन दिली आणि पुढं कूळ ठेवायलाच बंदी केली. वाटेकरी कागदावरून गेला, रानात राहिला. खरं सांगायचं तर आमच्यासारख्या घरांना ते सोयीचंच होतं. नाव लागलं तर जमीन जाईल, ही धास्ती सासऱ्यांना शेवटपर्यंत होती.

मग 2000 च्या सुमारास 'भूमी' योजनेत उतारे संगणकावर चढले. तिला नावं ठेवणार नाही मी. एका उताऱ्यासाठी तलाठ्यामागं हिंडणं गेलं, सुरुवातीला पंधरा रुपयांत कागद हातात पडायचा. तो कानडीत, त्यामुळं वाचून घ्यायला आपल्यातल्या कितीतरी बायकांना अजून कुणाला तरी धरावं लागतं, ते एक असो. पण कुणाच्या रानात कोण राबतो, हे तलाठ्याला निदान माहीत तरी असायचं. संगणकाला उताऱ्यावरचं नाव तेवढं दिसतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला. आमचं सोयाबीन पाण्याखाली कुजलं. त्यात त्याचं निम्मं बी होतं, खत होतं, दोघा नवरा-बायकोची भांगलण होती. भरपाई उताऱ्याप्रमाणे सासूबाईंच्या खात्यावर आली. आम्ही ती घेतली आणि त्या वर्षी घराची कौलं बदलली. त्यानं कधी विचारलं नाही. त्याला कळलं तरी होतं का, कोण जाणे. मेसेज आमच्या फोनवर आलेला.

दशलक्षणात दरवर्षी अचौर्य व्रतावर ऐकते. न दिलेलं घेऊ नये. माझं मन लगेच पळवाट काढतं: आम्ही कुठं घेतलं, सरकारनं दिलं! पण दिलं होतं ते पीक बुडालं म्हणून. मग पीक कुणाचं बुडालं होतं?

परवा सासूबाईंना हे बोलून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "या हप्त्यातलं हजार दे त्याला." मी दिले. त्यानं नोटा हातात तशाच धरल्या. "हे कशाचं, आक्का?"

मला उत्तर सुचेना. बक्षीस म्हणावं तर ते खोटं. तुझा वाटा म्हणावं, तर पुराच्या पैशाचं काय? हप्ता तर जमीनवाल्याला म्हणूनच असतो. पुराचे पैसे पिकाचे होते. "ठेव," एवढंच म्हणाले.

बँकेचं जुनं पासबुक काढून ठेवलंय. ह्यांना अजून बोलले नाही. सासूबाई रोज विचारतात, "बघितलंस का गं, किती आले होते तेव्हा?"