समदर्शन आणि हिरवी पट्टी

आज वाचनात गीतेच्या पाचव्या अध्यायातला १८ वा श्लोक आला. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, चांडाळ या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस सारख्याच नजरेने बघतो.

वाचताना गेल्या महिन्यातली कॅज्युअल्टीतली रात्र आठवली. बाबा बाथरूममध्ये घसरले होते, मनगट सुजलेलं. सिस्टरने नाडी, बीपी बघून हिरवी पट्टी बांधली आणि बसायला सांगितलं. आमच्यामागून एका हमालाला आणलं. छातीत कळा, शर्ट घामाने चिंब. त्याला लाल पट्टी, आणि थेट आत! मी चिडलो. "अहो, आम्ही आधी आलोय ना?" (प्रायॉरिटी क्यू हा खरं तर माझा रोजचा धंदा.)

सिस्टर शांतपणे म्हणाली, "बाबा थांबू शकतात. ते नाही." तिने त्याचे कपडे पाहिले नव्हते, आणि माझ्या गळ्यातलं कंपनीचं कार्डही. सगळ्यांना एकाच नजरेने बघितलं म्हणूनच तिला कोण आधी हे ठरवता आलं.

खरं सांगायचं तर तोवर मी एका ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला होता. त्यांनी उचलला नाही. उचलला असता तर कोणाचा नंबर मागे गेला असता?

बाबांनी विचारलं, "कोणाला लावत होतास रे?"

मी म्हटलं, "ऑफिसचा होता."