धीर आणि इशारा

आपत्ती कोसळली की ‘परमेश्वराची इच्छा’ किंवा ‘निसर्गाचा कोप’ असे म्हणून आपण मोकळे होतो. डोंगराच्या पोटात काय शिजते आहे, यावर माणसाची सत्ता चालत नाही, हे खरेच. परंतु जे कळले ते वेळेवर सांगणे आणि सांगितलेले ऐकणे, हे तर माणसाच्याच हाती असते. म्हणून ‘परमेश्वराने हे का घडू दिले?’ या प्रश्नाआधी आम्हांला दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो : ज्यांना कळले होते, त्यांनी काय केले?

कोलंबियातील नेवादो देल रुईस हा हिमाच्छादित ज्वालामुखी १९८४ च्या अखेरीस जागा होऊ लागला. ऑक्टोबर १९८५ मध्ये शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा पुढे ठेवला. चिखलाचे लोंढे कोठवर येतील, हे त्यात दाखवले होते आणि आर्मेरो हे गाव त्या पट्ट्यातच होते. १८४५ साली अशाच लोंढ्याने तेथे सुमारे एक हजार माणसे गाडली होती. त्याच गाळावर पुढे हे गाव वसले. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी दुपारनंतर गावावर राख पडू लागली. नगराध्यक्षांनी रेडिओवरून आणि धर्मगुरूंनी चर्चच्या ध्वनिक्षेपकावरून लोकांना शांत राहण्यास सांगितले. रात्री नऊनंतर मोठा स्फोट झाला, शिखरावरचे बर्फ वितळले आणि सुमारे अडीच तासांनी चिखलाचा लोंढा दरीतून गावावर आला. त्या रात्री सुमारे २३,००० माणसे गेली. त्यांतील बहुतेक आर्मेरोची. उंचवट्याची सुरक्षित जागा पायी जाण्याच्या अंतरावर होती.

त्या धर्मगुरूंना दोष देण्याचे धारिष्ट आम्हांला होत नाही. भ्यालेल्या कळपाला धीर देणे हे मेंढपाळाचे कामच. शिवाय गाव रिकामे करावे आणि पर्वताने शांतच राहावे, असेही घडते. मग बुडालेली मजुरी, शेतात पडून राहिलेले पीक, लोकांचे हसणे आणि पुढच्या वेळी उडालेला विश्वास, ही सारी किंमत इशारा देणाऱ्याच्या माथी बसते. गप्प बसणाऱ्याला मात्र कोणी जाब विचारत नाही. या भीतीपोटीच अधिकारी थांबून राहतात.

साडेपाच वर्षांनी फिलिपिन्समध्ये वेगळे घडले. एप्रिल १९९१ मध्ये पिनातुबो पर्वतातून वाफेचे स्फोट झाले. डोंगरावर राहणाऱ्या आएता आदिवासींनी ते पाहिले आणि त्यांच्यात सेवा करणाऱ्या एका धर्मभगिनीने त्यांच्यासह ज्वालामुखी संस्थेत जाऊन वर्दी दिली. शास्त्रज्ञांनी भूकंपमापक यंत्रे बसवली, बाहेर पडणारा वायू मोजला, धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या. अधिकाऱ्यांना आणि लोकांना धोका पटावा म्हणून मॉरिस क्राफ्ट यांनी आर्मेरोच्या अनुभवानंतर तयार केलेली चित्रफीत दाखवली गेली. ते स्वतः आणि त्यांच्या पत्नी कातिया ३ जून १९९१ रोजी जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर मरण पावले. १५ जूनला पिनातुबो फुटला, तेव्हा हजारो लोक आधीच हलवले गेले होते. निदान पाच हजार जीव वाचले, असा अंदाज आहे.

मात्र ही कथा येथे संपत नाही. पुढे निर्वासितांच्या छावण्यांत गोवराची साथ आली आणि तिने अनेक आएता मुलांचा बळी घेतला. ज्यांनी पहिली वर्दी दिली, त्यांच्याच घरची ही मुले. माणसांना घरातून उठवले की त्यांची जबाबदारी संपत नाही, तेथून ती सुरू होते.

भूकंपाची तर अशी वर्दीही मिळत नाही. त्याचा दिवस आणि घटका आजही कोणाला सांगता येत नाही. तेथे इशारा द्यायचा तो भिंतींना पाहून. किल्लारी परिसरात १९९२ साली धक्के जाणवले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि जड माळवदाखाली गाडली गेली. भूकंप टळणारा नव्हता; भिंती मात्र बांधून, सांधून घेता आल्या असत्या. त्यासाठी पैसा लागतो आणि तो गरिबाकडे नसतो. म्हणून हा प्रश्न केवळ शास्त्राचा उरत नाही, न्यायाचाही होतो.

आर्मेरोचे धर्मगुरू आणि पिनातुबोची ती धर्मभगिनी, दोघांचेही आपल्या माणसांवर प्रेम असणार, याविषयी आम्हांला शंका नाही. एकाने भीती शमवली. दुसरीने लोकांनी पाहिलेले खरे मानून जाणत्यांच्या दारी नेले. ज्या धिरात सत्य नाही, तो धीर माणसाला घरात बसवून ठेवतो. ज्या इशाऱ्यात माया नाही, तो त्याला छावणीत एकटा सोडतो.

नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीच्या बाजूस, लहानमोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. तेथील आदिवासी कुटुंबांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. त्यांच्यासाठी प्रार्थना करणे योग्यच. पण त्यांच्या घरांच्या, आणि आपल्या शाळांच्या व चर्चच्याही, भिंती तपासायला आपण कोणा जाणत्याला बोलावले आहे काय?