उपासनेतील झोप

सायंकाळच्या उपासनेत डुलकी घेणारा मनुष्य देवाचा अनादर करितो काय? हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. चाकुराकडील गावांत सुगीच्या दिवसांत पहाटेपासून तुरीची रास करणारा गडी रात्री प्रार्थनेस येऊन बसतो, आणि शास्त्रपाठ संपण्यापूर्वीच त्याची मान खाली जाते. मग एखादा उपदेशक सर्वांदेखत म्हणतो की, ह्याच्या अंतःकरणात विश्वास नाही. प्रिय वाचकहो, असा निवाडा करण्याचा अधिकार आपणांस आहे काय?

जागे राहणे हे केवळ इच्छेचे काम नव्हे. मेंदूचा जो देठ खाली मज्जारज्जूस मिळतो, त्यात पेशींचे एक जाळे आहे. १९४९ साली मोरुझ्झी व मॅगून ह्या शास्त्रज्ञांनी गुंगीतील मांजरांच्या ह्या भागास विजेचा सूक्ष्म प्रवाह दिला, तेव्हा त्यांच्या मेंदूतील संथ लहरी जाऊन जागृतीच्या लहरी उमटल्या. उलटपक्षी, मनुष्य जितका अधिक वेळ जागा राहतो तितके ॲडेनोसिन नावाचे द्रव्य मेंदूत साचते व जागृती मंदावते. चहा त्यास काही घटका अडवितो, इतकेच. तेव्हा त्या गड्याची मान अविश्वासाने नव्हे, तर दिवसाच्या भाराने खाली गेली. देह अशक्त आहे हे प्रभूने गेथशेमाने बागेत स्वतः मान्य केले.

तथापि येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. थॅलॅमस म्हणून मेंदूच्या मध्यभागी जो भाग आहे, त्यातून वास सोडून बहुतेक सर्व संवेदना वर जातात. झोपेत तो वेशीचे दार लोटून घेतो. परंतु कडी घालीत नाही. आई ढगांच्या गडगडाटात निजते, आणि तान्हे मूल कुरकुरले की उठते. शमुवेलाने रात्री हाक ऐकिली तेव्हा तो तीनदा एलीकडेच धावला. ज्याची सेवा तो करी त्याच्याच हाकेची त्याच्या कानास सवय होती. दिवसभर ज्याचा ध्यास, त्यासाठी दार किलकिले राहते, आणि ध्यास कशाचा धरावा हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. जो गृहस्थ स्तोत्राच्या वेळी निजतो, आणि कोणी बांधाच्या तंट्याचा शब्द काढताच खडबडून जागा होतो, त्याने आपल्या मनाची झडती घ्यावी. शेजाऱ्याने मात्र ती घेऊ नये.

निजलेल्यांचा न्याय करण्याची ज्यास घाई आहे त्याने किल्लारी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता, पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली, आणि दगडमातीच्या जड भिंती व माळवदे हजारो माणसांवर कोसळली. ती झोप हा दोष नव्हता. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक अपराधी नव्हते, हे प्रभूने स्पष्ट सांगितले आहे.

त्रोवस येथे पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, माडीवर पुष्कळ दिवे जळत होते, आणि खिडकीत बसलेला तरुण युतुख झोपेच्या भाराने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने खाली उतरून त्यास कवटाळिले. रागाचा एक शब्दही तेथे लिहिलेला नाही. आमच्या उपदेशक बंधूंनी हा अध्याय अवश्य वाचावा, आणि सुगी संपेपर्यंत प्रवचन निम्म्यावर आणावे. पौल पुन्हा वर जाऊन पहाटेपर्यंत बोलला हे खरे. पण तो दुसऱ्या दिवशी ते गाव सोडून जाणार होता. आमचे उपदेशक पुढल्या रविवारीही तेथेच आहेत.