प्रार्थनेची मोजदाद

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो, व तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याने तीस-चाळीस वर्षे हातात माळ घेऊन देवाचे नाव घेतले, तो बाप्तिस्म्यानंतर म्हणतो की, हात रिकामा झाला, आता प्रार्थनेस बसलो असता मन ठरत नाही. पुष्कळ उपदेशक बंधू त्यास तत्काळ उत्तर देतात की, माळ ही जुन्या धर्माची खूण आहे, ती टाकून दे. उत्तर सोपे आहे. परंतु ते पुरेसे आहे काय, याचा विचार करू.

माळ म्हणजे तरी काय? पंढरपुरास कारागीर तुळशीचे लाकूड कातून मणी करितात व ते दोऱ्यात ओवितात. जपाच्या माळेत १०८ मणी असून वर एक मेरुमणी असतो; तो ओलांडावयाचा नाही, तेथून माळ उलट फिरवावयाची. मुसलमान लोकांच्या तसबीहीत ९९ किंवा ३३ मणी असतात. गोव्यातील व वसईतील रोमन कॅथलिक लोकांच्या माळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग असतात. प्रॉटेस्टंट लोकही यापासून अगदी दूर राहिले आहेत असे नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतील टेक्सास प्रांतात एपिस्कोपल मंडळीच्या काही लोकांनी ३३ मण्यांची माळ तयार केली, व आज ती अनेक ठिकाणी हाताने ओवून वापरतात. सारांश, मन भटकते व हातास काही धरावयास मिळाले म्हणजे ते थोडे स्थिर होते, हा अनुभव कोणा एका धर्माचा नाही. लाकडाचा मणी ऐकत नाही व बोलत नाही. त्यात पुण्य नाही, तसे पापही नाही.

तर मग धोका कशात आहे? आम्हांस वाटते, तो हिशेबात आहे. पल्लाडियस नावाच्या ख्रिस्ती लेखकाने सुमारे इ. स. ४२० मध्ये मिसर देशातील वैराग्यांची चरित्रे लिहिली. त्यांत पौल नावाचा एक वैरागी आहे. तो रोज ३०० प्रार्थना करी. मोजणी चुकू नये म्हणून तो ओटीत ३०० खडे घेई व प्रत्येक प्रार्थनेस एक खडा टाकी. पुढे त्याने ऐकले की, एक कुमारी रोज ७०० प्रार्थना करिते, आणि तो अगदी खचून गेला. तो मकारियस या वृद्ध साधूकडे गेला. मकारियसाने सांगितले की, मी साठ वर्षे रोज १०० प्रार्थना करितो, हातांनी श्रम करून पोट भरितो, भेटीस आलेल्या बंधूंशी बोलतो, आणि माझे मन मला दोष देत नाही. तू ३०० करूनही तुझे मन तुला दोषी ठरवीत असेल, तर एक तर तू शुद्ध मनाने प्रार्थना करीत नाहीस, किंवा अधिक करण्याची शक्ती असून करीत नाहीस.

वाचकहो, हे उत्तर केवळ माळवाल्यांस लागू नाही. ज्याच्या हातात एकही मणी नाही तोही मोजीत असतो. सभेत कोणाची प्रार्थना अधिक लांबली, कोण किती रविवार हजर होता, कोणाच्या घरी किती वर्षे ख्रिस्ती धर्म आहे, ही मोजणी आमच्या मंडळ्यांत नाही काय? पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो अशा समजुतीविषयी प्रभूने मत्तयाच्या ६ व्या अध्यायात इशारा दिला आहे. मात्र तेच शब्द पुन्हा बोलणे त्याने निषिद्ध केले नाही. गेथशेमानेत त्याने स्वतः तेच शब्द पुन्हा उच्चारून प्रार्थना केली.

मग रिकाम्या हातास काय द्यावे? १५३५ साली मार्टिन लूथर याने पेत्र नावाच्या आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थनेविषयी एक लहान पुस्तक लिहिले. त्यात तो म्हणतो की, चांगला न्हावी आपले लक्ष वस्तऱ्यावर ठेवितो. बोलता बोलता इकडे तिकडे पाहील तर गिऱ्हाइकाचे नाक कापील. प्रार्थनेतही तसेच लक्ष पाहिजे. पुढे तो सांगतो की, मी दहा आज्ञांतील प्रत्येक आज्ञेची चार पदरांची माळ गुंफितो: तीपासून काय शिकलो, कशाबद्दल उपकार मानावे, कोणते पाप कबूल करावे व काय मागावे. ही माळ गुंफावयास वाचता येण्याची गरज नाही. एका हाताची चार बोटे पुरेत, व ती शेतात खुरपणाऱ्या बाईजवळही असतात.

कोणी वृद्ध भगिनी, ज्यांच्यासाठी प्रार्थना करावयाची त्यांची नावे विसरू नयेत म्हणून, दोरीस गाठी मारील, तर आम्ही तिला अडविणार नाही. मात्र त्या दोरीतच सामर्थ्य आहे असे मानून ती आजारी लेकराच्या गळ्यात ताइतासारखी बांधू नये. आणि तिच्यामुळे एखाद्या दुर्बळ बंधूस अडखळण होत असेल, तर प्रीतीस्तव ती बाजूस ठेवावी.

उपदेशक बंधूंनो, शेजाऱ्याच्या माळेची थट्टा करू नका. पहाटे उठून तासभर नामस्मरण करणारा वारकरी आमच्या निजेस लाजवितो. आणि जो नवा बंधू आप्तांस सोडून आमच्यात आला, त्याच्या हातची माळ कदाचित त्याच्या आईने दिलेली असेल. ती टाक म्हणण्यापूर्वी त्याच्याजवळ बसा, व त्यास प्रार्थना करावयास शिकवा. ते न करिता माळ तेवढी काढून घेतली, तर त्याच्याजवळ जुनेही राहणार नाही व नवेही येणार नाही, आणि त्याचा जाब प्रभु आम्हांसच विचारील.